मधली

पाणी आलं पहाटे पावणेतीनला,
पाचव्या दिवशी.
मी जागीच होते.
एका हातात नळी, दुसऱ्यात फोन,
फोनमध्ये अक्कलकोट रोडच्या शेडमधले बारा माग,
बारा हिरवे ठिपके.
पिंप अर्धं भरलं तोवर सातवा लाल.
धागा तुटला असेल.
किंवा तुटला नसेल,
माझंच यंत्र खोटं बोलत असेल.
एवढा फरक सांगता यावा म्हणून
नोकरी सोडली, त्याला तीन वर्षं झाली.

लोहित उठला. त्याला पाणी नको, मी हवी.
त्याला काखेत घेतलं,
नळी पायाने दाबून धरली.

बाबा जॉबर होते.
चाळीस मागांच्या खडखडाटात थांबून म्हणायचे,
‘ऐक. तो कोपऱ्यातला खोकतोय.’
त्यांना कान होता.
मी साडेचारशे रुपयांत एक डोळा बनवला,
आणि त्याला अजून
सगळंच तुटल्यासारखं दिसतं.

बंगळुरूच्या माणसाने पडद्यावरून विचारलं,
‘तुमचा पूर्ण वेळ यालाच आहे ना?’
पडद्यात न दिसणाऱ्या बाजूला
मनस्वी शेंगाचटणीने माखलेला हात
माझ्या ओढणीला पुसत होती.
हो म्हणाले.
खोटं नव्हतं ते.
माझ्याकडे दोन पूर्ण वेळ आहेत,
एकावर एक रचलेले,
दुकानातल्या चादरींच्या थप्पीसारखे;
खालचा ओढायला गेलं की वरचा घसरतो.
तो म्हणाला, कळवतो.
अजून कळवतोय.

श्रीहरी म्हणतो, मार्चपर्यंत बघू.
कुठला मार्च, ते त्याने सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.

येमूलशेठचा फोन भर दुपारी.
‘मॅडम, तुमचं यंत्र उगं उगं माग थांबवतंय की.
काढून न्या बगा.’
बाहेर बेचाळीस.
लोहितला स्कूटरवर पुढे उभं केलं,
त्याच्या डोक्यावर ओला टॉवेल, इथलाच, सेकंडचा माल,
सात रस्त्याला पोचेपर्यंत वाळला.

शेडच्या दारात नरसम्मा कांड्या भरत होत्या.
‘तिन्नावा?’
जेवलीस का.
मला आठवेना.
दोघांना भरवलेलं आठवलं,
घास मोजलेले आठवले,
माझं ताट आठवेना.
त्यांनी लोहितला मांडीवर ओढलं
आणि एक रिकामी कांडी दिली हातात.

मी सातव्या मागाखाली शिरले.
काही बिघडलं नव्हतं.
डोळ्यावर कापसाचं तूस बसलं होतं, एवढंच.
सकाळी लोहितची चिपडं काढते
तसं ओढणीच्या टोकाने टिपलं,
ओढणीला अजून चटणीचा वास.
आठ महिने कोड बदलत होते मी.

मग बसून एक छोटं पातं लावलं, पापणीसारखं,
दर मिनिटाला उघडझाप करणारं.
शेठ कमरेवर हात ठेवून बघत होते.
‘आठवडाभर राहू द्या. मग बगू.’

रात्री मनस्वीने चित्र दाखवलं, शाळेचं, माझं कुटुंब.
बाबा, आई, ती, लोहित,
आणि मधे एक चौकोनी डबा, वायरी सुटलेल्या,
त्याला दोन वेण्या.
‘ही कोण?’
‘मधली. माझ्यानंतरची, लोहितच्या आधीची.
तीन वर्षांची झाली तरी बोलत नाही,
नुसती रडते.’
आणि मग, पेन्सिल चावत,
‘हिला शाळेत कधी घालायचं?’
मी म्हटलं, झोप.
चित्र फ्रिजवर लावलं,
विजेच्या बिलावर.

पुढच्या पाळीला पाणी आलं अडीचला.
अकरा हिरवे. सातवा लाल.
या वेळी मी फोन केला.
रात्रपाळीचा पोरगा ओरडून बोलत होता,
मागे माग चालू,
एक सोडून.
‘होय की ताई, तुटलाय.
खरंच तुटलाय. जोडायलोय.’

फोन ठेवला तेव्हा
पिंप काठोकाठ भरून वाहत होतं,
पाच दिवसांचं पाणी,
पायाखालून मोरीकडे.
नळी काढायला हवी होती.
ठिपका हिरवा होईपर्यंत
मी ते जरा वाहू दिलं.